मँचेस्टरचा कळवळा

एकोणिसाव्या शतकात परळ-लालबागच्या गिरणी कामगारांची फार काळजी कुणाला होती? मँचेस्टरच्या गिरणीमालकांना. मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या धंद्याला नडू लागलं, तसे इथल्या मजुरांचे हाल त्यांना थेट लँकेशायरहून दिसू लागले. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला तो बराचसा याच कळवळ्यातून: ७ वर्षांखालची पोरं कामाला लावायची नाहीत. ७ ते १२ वर्षांच्यांना ९ तास चालतील. रविवारची सुट्टी मात्र बोटीतून आली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांना ती भांडून १८९० मध्ये मिळवावी लागली.

आता लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तिथे सूत निघत नाही, परदेशी ब्रँडचे शर्ट मिळतात. काहींवर ‘मेड इन बांगलादेश’. कळवळ्याची जागा ब्रँडसाठी होणाऱ्या कारखान्यांच्या तपासणी अहवालाने घेतली आहे. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही तशी तपासणी झालेली होती. भिंतींना तडे गेलेले दिसल्यावर तिथली बँक बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र वर बोलावलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली, अकराशेंहून अधिक माणसं गेली. तपासनिसाला बोल लावू नये. इमारत उभी राहील का, हा रकाना त्याच्या फॉर्मात नव्हताच.