शत्रू कोण, ते विचारू नये

‘टॉप गन’ या हॉलिवूडपटात (१९८६) शत्रूचा देश कोणता, ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याची विमानं म्हणे ‘मिग-२८’! असं मिग सोव्हिएत कारखान्यातून कधी निघालंच नाही. अमेरिकेचीच एफ-५ काळी रंगवून उभी केली; गावच्या नाटकात घरचाच भाऊ काजळ फासून राक्षस होतो, तसं. अमेरिकी नौदलाने विमानं दिली, विमानवाहू नौका दिली आणि पटकथेवरून हातही फिरवला. मूळ पटकथेतली नायिका नौदलातलीच. पण नौदलातल्याच दोघांचं प्रेम शिस्तीत बसेना, म्हणून ती नागरी तज्ज्ञ झाली. वैमानिकांनी भर उन्हात जीन्स घालून व्हॉलीबॉल खेळणं मात्र शिस्तीत बसलं. पुढे काही थिएटरांबाहेर नौदलाने भरतीची टेबलंच मांडली. जाहिरात बघायला तिकीट, आणि बाहेर पडताना अर्ज फुकट.