होडीला भोक पाडण्याचा मुहूर्त

कुंभकोणमला हौसेची होडी बाळगायची, तर माणसाकडे दोन गोष्टी हव्यात : पेन्शन आणि कॅलेंडर. पेन्शन होडीसाठी, कॅलेंडर पाण्यासाठी. गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. नकाशा बघून वाटावं, इथली माणसं भाजी आणायलाही होडीनेच जात असतील. पण या नद्या वाहतात त्या सरकारी वेळापत्रकानुसार. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रूढ तारीख १२ जून, बंद करायची २८ जानेवारी. मधल्या काळात भाताला पाणी आणि उरलेल्या काळात पात्रात क्रिकेट. धरणात साठा नसला की १२ जून नुसताच येऊन जातो आणि क्रिकेटचा मोसम लांबतो. पाणी आलं तरी वाटेत बंधाऱ्यांची शटरं उभी, त्यामुळे लांबचा पल्ला वगैरे गोष्टी समुद्राकाठच्या लोकांनी कराव्यात.

अशा गावात माझ्या मामेसासऱ्यांनी होडी घेतली.

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या पदरी राहिलेलं, त्यामुळे घरात बोलतात ते मराठी माझ्यापेक्षा दोन-तीनशे वर्षांनी वडील. माझ्या पुणेरी मराठीकडे मामा सहानुभूतीने बघतात. ‘येत जा अधूनमधून, सुधारेल,’ म्हणतात. हाक मात्र तमिळ रीतीने ‘माप्पिळ्ळे’ अशी मारतात. जावयाचा मान त्या एका हाकेत उरकतो आणि मग हातात टॉर्च किंवा पकड दिली जाते.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने मोडीत काढलेली ती फायबरची होडी ट्रकमधून परसात उतरली, तेव्हा मामी तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, ‘बरी आहे. नारळ ठेवायला होईल.’

होडीबरोबर एक कॅसेट प्लेअर फुकट आला होता. तो मूळचा मोटारीतला, आणि त्याचे स्पीकर कागदी शंकूचे. पाण्यावरच्या दमट हवेत कागद फुगतो, उन्हात कडकडीत होतो आणि शेवटी चिरतो. त्यातून भीमसेन जोशी लावले काय आणि पिठाची गिरणी लावली काय, फरक कळत नव्हता. मामांनी ठरवलं, नवा स्टिरिओ बसवायचा आणि तो स्वतःच बसवायचा.

याला दोन कारणं होती. पहिलं, कुंभकोणमच्या बाजारात पितळेची भांडी, रेशमी साड्या आणि विड्याची पानं हवी तेवढी मिळतात, पण होडीला स्टिरिओ बसवून देणारा माणूस कुठे बसतो हे कोणी सांगू शकलं नाही. दुसरं कारण सर टी. माधवराव. ते १८२८ साली याच गावात, मराठी घरात जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. ‘एका माणसाने तीन संस्थानं चालवली. आपल्याला चार वायरी जोडता येत नाहीत?’ हा युक्तिवाद मामा गॅसचा सिलिंडर बदलण्यापासून पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत कशालाही लावतात. दिवाणसाहेबांना ओहमच्या नियमाशी गाठ घालावी लागली नव्हती, हे मी मनातच म्हटलं.

आधी सल्ला घेतला तो माइक सेटवाल्या अण्णाचा. लग्नं, देवळं आणि निवडणुका या तिन्ही क्षेत्रांत त्याची हयात गेलेली. त्याने होडी डोळ्यांनी मोजली आणि सुचवलं, ‘दोन कर्णे लावू, सार. एक पुढे, एक मागे. चार गावांना ऐकू जाईल.’ मामा म्हणाले, मला चार गावांना ऐकवायचं नाही, मला ऐकायचंय. अण्णाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ मला बराच उशिरा कळला.

मग मामांचा अभ्यास सुरू झाला. वीज मंडळातल्या माणसाचा अभ्यास म्हणजे सगळ्या दुर्घटनांची आधी यादी. बॅटरीपासून निघालेल्या वायरीला फ्यूज कुठे लावायचा? बॅटरीच्या अगदी शेजारी, वीतभराच्या आत. कारण फ्यूज स्टिरिओला वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. साधी तांब्याची तार पाण्याच्या वाफेने आतून काळी पडते, म्हणून कथिल चढवलेली तार. डाग द्यायचा नाही, कारण इंजिनाच्या थरथरीने डाग दिलेली तार कडेला तुटते. त्यापेक्षा टोकाला लग दाबून बसवायचा. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि गाण्याची वेगळी, नाहीतर मैफल रंगते आणि परत यायला वल्ही मारावी लागतात. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी असली तरी ती अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही. म्हणजे हातात पन्नास. अँप्लिफायर सरासरी दहा अँपिअर खाणारा, तर गाणं पाच तास. मामींनी हे गणित ऐकून विचारलं, ‘पाच तास तुम्ही होडीत बसणार?’ त्यांच्या आवाजात आशा होती.

वॅटच्या बाबतीत मात्र मामांचा पाय जुन्या काळात अडकलेला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर पीएमपीओ म्हणून जे आकडे छापलेले असत, ते खरे मानले तर हातात धरायच्या टू-इन-वनवर एखादा पाण्याचा पंप चालायला हवा होता. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे यंत्र सतत जेवढी ताकद देऊ शकतं तेवढाच. त्यातही गंमत अशी की वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. शिवाय उघड्यावर भिंती नाहीत, छत नाही, आवाज परतून यायला जागा नाही. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले. दिवाणखान्यात ढोलकी ऐकू येते, तिथे होडीत नुसती झांज उरते.

रामानुजन याच गावच्या टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. सारंगपाणी मंदिरासमोरच्या गल्लीत त्यांचं घर अजून आहे. अशा गावात मामांनी मला पटवून दिलं की चार आणि चार मिळून दोन होतात. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार दोन ओहमचा पडतो आणि अँप्लिफायर तो सोसणारा नसेल तर तापून बंद पडतो. मी वहीत लिहून घेतलं. पुण्याला कोणाला सांगणार नाही म्हणालो.

माल मागवला तो जलरोधक. शंकू कागदाऐवजी प्लॅस्टिकचा, कडेला रबर, स्क्रू गंज न धरणारे. डब्यावर आयपीएक्स-७ असं छापलेलं होतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. फिल्टर कॉफीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, आणि मामांच्या हातात डबरा-टंबलर नसतो अशी वेळ दिवसात फारशी येत नाही. सूचनांमध्ये आणखी एक कलम होतं : स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं, होकायंत्रापासून लांब ठेवा. हॉटेलाने होडीला होकायंत्रही दिलं होतं. मामा म्हणाले, ‘अरसलारमध्ये वाट चुकायला वेगळीच बुद्धी लागेल. सरळ गेलं तर कारैक्काल, मागे फिरलं तर शटर.’

स्पीकरभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं मात्र त्यांना पसंत पडेना. जवळच नाच्चियारकोविलला समयांचे कारागीर पितळ ओततात. तिथे जाऊन त्यांनी दोन कडी घडवून आणली. पितळ गंजत नाही, चुंबकाला दाद देत नाही, विचार म्हणून उत्तम. कारागिराने आयुष्यभर समया केलेल्या. त्याने कड्यांच्या काठावर सवयीने हंस कोरून दिले आणि जाडीही समईचीच ठेवली. ती कडी उचलताना मला पहिल्यांदा होडीची काळजी वाटली.

आता भोकाकडे येतो. जगातल्या सगळ्या नावाड्यांची हयात होडीला भोक पडू नये म्हणून खर्च होते. स्टिरिओ बसवणारा तेवढा पैसे देऊन गोल पात्याची करवत आणतो आणि स्वखुशीने भोक पाडतो. तेही हातभर रुंद नाही की चटकन सरळ करता येईल, साडेसहा इंची स्पीकरच्या मापाचं, पाण्याच्या रेषेच्या वर आणि बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या खाली. आधी पंचांग पाहिलं. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, म्हणून सकाळ ठरली. मामींनी होडीला हळदकुंकू लावलं. माझ्याकडे टॉर्च. मामांनी पेन्सिलीने वर्तुळ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, दूर जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. मग ड्रिल सुरू झालं. फायबरची पांढरी भुकटी उडाली, परसातली मांजर कौलांवर गेली आणि शेजारच्या घरातून तमिळमध्ये विचारणा झाली की होडी बुडणारच होती तर आणलीत कशाला. कापलेल्या कडेला आतलं लाकूड उघडं पडतं आणि पाणी पिऊन कुजतं, म्हणून तिथे राळ भरून घ्यावी लागते. हे काम मामांनी बोटाने, पायसाची वाटी निपटून घ्यावी तशा मायेने केलं. गोल तुकडा खाली पडला तो मामींनी उचलून तेलाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवला. तो नेमका बसला.

पाणी आलं. होडी अरसलारमध्ये उतरली आणि डावीकडे कलली, कारण वायरीच्या सोयीसाठी अँप्लिफायर आणि बॅटरी डावीकडे होत्या आणि त्यांच्या जोडीला नाच्चियारकोविलचे हंस. मला मान देऊन उजवीकडे बसवण्यात आलं. ‘माप्पिळ्ळे, हलू नका,’ एवढीच अपेक्षा. मामांनी इंजिन सुरू केलं, कळ दाबली, आणि आम्हाला इंजिन ऐकू आलं.

स्टिरिओ चालू होता. निळा दिवा लागला होता, स्पीकरवर हात ठेवला तर थरथर जाणवत होती. पण आउटबोर्ड इंजिनाच्या शेजारी बसलेल्या माणसाला गाणं ऐकू येणं कठीण असतं. आवाज वाढवला तर गाणं आणि इंजिन दोन्ही ऐकू येत, म्हणजे काहीच नाही. काठावर मात्र लोक उठून उभे राहिले. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची ऊबदार राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. आम्ही दीड हातावर बसून ज्याला मुकलो, ते घाटावर धुणं धुणाऱ्या बाईला शब्दन् शब्द कळत होतं. तिने ओरडून मत दिलं, ‘जरा हळू लावा, तंबोरा वर चढलाय.’ या मुलखात काठावर श्रोता नसतो, परीक्षक असतो. इथून जवळच नरसिंगमपेट्टैला नागस्वरं घडतात आणि तिरुवावडुतुरैच्या राजरत्नम पिळ्ळै यांची तोडी ज्यांच्या आजोबांनी ऐकली, ते नातवंडांनाही अजून ऐकवत असतात. नागस्वराला ना बॅटरी, ना फ्यूज. उघड्या हवेत, देवळाच्या रस्त्यावर वाजण्यासाठीच ते जन्माला आलंय. अशा कानांपुढून मामा आपले वॅट घेऊन चालले होते.

खरा प्रकार पुढे झाला. बंधाऱ्याशी वळण घेताना होडी काठाला लागली आणि इंजिन बंद केलं. आता ऐकू, म्हणून मामांनी डोळे मिटले. स्पीकरमधून एका बाईने इंग्रजीत जाहीर केलं की जोडणी झाली आहे, आणि विजयच्या सिनेमातलं गाणं सुरू झालं. ब्लूटूथला दहाएक मीटरचा पल्ला पुरतो आणि अरसलारचा काठ तेवढ्यात होता. क्रिकेटची मुलं पाणी आल्यामुळे बेकार होऊन तिथेच बसली होती. मामांच्या फोनआधी त्यांच्यातल्या एकाचा फोन लागला. मामांनी तो तोडला, दुसऱ्याचा लागला. मग धुण्याच्या बाईचा मुलगा आला आणि त्याने आईसाठी भक्तिगीत लावलं. तिला तंबोरा आता बरोबर वाटला.

पुढे तो परिपाठच पडला. संध्याकाळी होडी घाटाजवळ लागली की काठावर रांग. कोणाला सिनेमाचं, कोणाला सुप्रभातम. संध्याकाळी सुप्रभातम कशाला, असं विचारायची सोय नाही. माइक सेटवाला अण्णाही एकदा येऊन पाहून गेला. कर्णे नको म्हणणाऱ्या माणसाची त्याला कीव आली नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

मला वाटलं होतं, मामा चिडतील, पासवर्ड घालतील. ते कॉफी पीत स्वस्थ होते. म्हणाले, ‘सारंगपाणीचं तेप्पम बघितलंत ना? तराफ्यावर देव, दिवे, फुलं, नागस्वर, सगळा थाट देवाचा. देव काय बघतो त्यातलं? बघतात ते काठावरचे. आणि तराफ्याचे दोर कोणाच्या हातात असतात? काठावरच्यांच्याच. पाण्यावर जे काही सजवावं, ते काठासाठीच असतं, माप्पिळ्ळे. अण्णाला ते पहिल्या दिवशीच माहीत होतं.’

मामी घाटावर उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘मग पेट्रोल कशाला जाळता? दोरच बांधू या.’

मामांनी टंबलर खाली ठेवला आणि दोर किती हाताचा लागेल, ते मोजायला पेन्सिल मागितली.