टेलचा विद्यार्थी

कुकडी कालव्याचं आवर्तन सुटलं की कर्जत तालुक्यात एकच चौकशी सुरू होते, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी कधी पोचणार? येडगाव धरणातून निघालेला डावा कालवा जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा करत आपल्याकडे येतो आणि पुढं करमाळ्याला जातो. वरच्यांचं भागेपर्यंत खालचं पीक माना टाकतं. म्हणून इथली मागणी जुनीच आहे, टेल टू हेड भिजवा.

ऑनलाइन अभ्यासक्रम घडवणाऱ्या प्राध्यापकांकडेही माझी हीच मागणी आहे, सुरुवात टेलच्या विद्यार्थ्यापासून करा.

अभियांत्रिकी व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन व्हायलाच हवं. ते ज्याला हवं आहे तो आधीच नोकरीत असतो. इंजिनिअर होऊन सुप्याच्या एमआयडीसीत पाळ्या केल्या, सुपरवायझर झाला, आता माणसं, माल, खर्च सगळं त्याच्या गळ्यात. पगार सोडून दोन वर्षं मुंबईत राहणं त्याला परवडत नाही. पत्रव्यवहाराने वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये चाप लावला, ते योग्यच झालं; प्रयोगशाळेशिवाय अभियांत्रिकी कसली? पण व्यवस्थापनाची प्रयोगशाळा तर त्याच्या कारखान्यातच आहे.

ऑनलाइन शिकवण्याची सोयही नवी नाही; आयआयटींचं एनपीटेल 2003 पासून आहे, सरकारचं ‘स्वयम’ 2017 पासून. अडतं ते फळ्यापुढं कॅमेरा लावला की अभ्यासक्रम झाला, या समजुतीत. रात्रपाळी करून आलेल्याला तासाभराचं इंग्रजी व्याख्यान झेपत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, मोबाईलवर उतरवून घेता येतील असे. शंका मराठीत विचारू द्या. उत्तर द्यायला माणूस नेमा आणि त्याचे ते तास पगारात धरा. बहुतेकदा घोडं इथंच पेंड खातं.

आणि दर वेळी टोयोटाचंच उदाहरण कशाला? साखर कारखान्याचा गाळप हंगाम घ्या. तोडणी, वाहतूक, यार्डात खोळंबलेल्या गाड्या, वाळणारा ऊस, घटणारा उतारा. रांगेचं सगळं गणित त्यात आहे. आवर्तनाचं वेळापत्रक तर अख्ख्या सत्राला पुरेल.

कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं, ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेचं. महिन्यातला एक रविवार तिथल्या एका खोलीत या विद्यार्थ्यांना समोरासमोर भेटा. अभ्यासक्रमाची पहिली चाचणीही पवईच्या आयआयटीत नको. ती इथं घ्या, रात्री अकराला, पाळीवरून परतलेल्याच्या मोबाईलवर.