आमचं काही नाही हो, पण लोक...

अमेरिकेत उघडपणे समलिंगी असलेला माणूस राष्ट्राध्यक्ष होईल का, हे कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: ‘माझी काहीच हरकत नाही, पण लोक तयार नाहीत.’ हे लोक कोण, राहतात कुठे, मतदारयादीत त्यांचं नाव आहे का, कुणालाच पत्ता नाही. तिकीटवाटप मात्र तेच करतात.

कमला हॅरिस यांनी २०२५ मध्ये पुस्तक लिहून सांगून टाकलं, की उपाध्यक्षपदासाठी त्यांची पहिली पसंती पीट बुटिजेज होती. पण आधीच उमेदवार कृष्णवर्णीय बाई, तिचा नवरा ज्यू, त्यात जोडीला समलिंगी पुरुष. लोकांना झेपणार नाही! म्हणून सुरक्षित असे टिम वॉल्झ निवडले आणि सुरक्षितपणे पडल्या.

लोक अगदीच काल्पनिक नाहीत म्हणा. २०२० मध्ये आयोवात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना एका बाईंनी बुटिजेजना पाठिंब्याचं कार्ड भरून दिलं आणि त्यांना नवरा आहे हे कळताच ते परत मागितलं. त्याच आयोवात प्रतिनिधींच्या हिशेबात निसटते का होईना, बुटिजेजच पहिले आले. हे मात्र कुणी सांगत नाही.

आयर्लंडने वेगळाच आगाऊपणा केला: लोकांनाच विचारलं! २०१५ मध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत घेतलं, तर त्या कॅथलिक देशात ६२ टक्के ‘हो’ म्हणाले. त्याच वर्षी रेडिओवर ‘मी समलिंगी आहे’ असं सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. झालं! मालवण तालुक्यातल्या वराड गावचं आडनाव डब्लिनच्या गादीवर म्हटल्यावर आपल्याकडे अभिमानाला उधाण आलं. लिओंचे वडील डॉ. अशोक वराडकर विलायतेला न जाता मालवणातच दवाखाना थाटून बसले असते, तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या कृपेने त्याच वर्षी चिरंजीव पंतप्रधान नव्हे, गुन्हेगार ठरू शकले असते. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. ते कलम कोर्टाने सैल केलं ते २०१८ च्या सप्टेंबरात.

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, लिओ वराडला आले. गावाने कौतुकाने स्वागत केलं, आणि ते मनापासूनच होतं. पाहुणा पंतप्रधान कुणालाही चालतो. हाच मुलगा जिल्हा परिषदेचं तिकीट मागायला आला असता, तर तालुकाध्यक्षांनी त्याला चहा पाजला असता, पुढच्या खेपेला नक्की बघू म्हणाले असते, आणि निघताना खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं, ‘बाकी, लग्नाचं काय मनावर घेतोस की नाही?’