डाव्या पायावर अविश्वास

मॅन्युअल गाडी म्हणजे मर्दाचं काम आणि ऑटोमॅटिक म्हणजे गुडघे धरलेल्यांची सोय, असं मानणारा एक मोठा पंथ आपल्याकडे आहे. त्याचा अभिमान खुद्द कंपन्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात काढून घेतात. चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही७०० च्या वरच्या डिझेल प्रकारांत इंजिन तेच २.२ लिटरचं, ताकद तीच १८५ पीएस. पण टॉर्क मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ४५०. स्कॉर्पिओ-एनमध्ये ३७० आणि ४००. फॉर्च्युनरने तर २०२१ मध्ये भीडच सोडली : ४२० आणि ५००!

इंजिन एकच, मग हा पंक्तिप्रपंच का? कारण इंजिनाने किती जोर लावायचा हे ठरतं पुढचा गिअरबॉक्स आणि क्लच काय सोसतील यावर, आणि तसा हुकूम गाडीच्या संगणकात आधीच भरलेला असतो. ऑटोमॅटिकमध्ये मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. धक्का आला की कन्व्हर्टरमधलं तेल तो पिऊन टाकतं. मॅन्युअलमध्ये मधे असते क्लच प्लेट, आणि तिच्यावर आपला डावा पाय. हा पाय हँडब्रेक ओढायचा कंटाळा म्हणून चढावर अख्खी गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो आणि खंबाटकीत जळका वास सुटला की त्याचा मालक पुढच्या ट्रककडे संशयाने बघतो. इंजिनिअरला हिशेब धरावा लागतो तो अशाच पायाचा. दणकट मॅन्युअल गिअरबॉक्स करता येत नाही असं नाही, ट्रकला असतोच. पण त्याच्या जोडीचा जड क्लच रोज सिग्नलला दाबायची वेळ आली, तर पंथातले निम्मे लोक महिन्याभरात धर्मांतर करतील.

‘पण पीएस तर सारखेच ना?’ सारखेच. मात्र ते हाती लागतात इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर ओरडू लागल्यावर. घाटात, ओव्हरटेक करताना आपण असतो दोन हजारांच्या आसपास, आणि तिथे कामाला येतो टॉर्क. ‘कन्व्हर्टर निम्मा जोर तेलातच घालवतो’ हे जुन्या गाड्यांचं गाऱ्हाणं. आता वेग घेतला की त्यातला लॉक-अप क्लच घसरण बंद करतो, आणि जागेवरून उठताना तर कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क उलट वाढवून देतो. मॅग्नाइट टर्बोत मात्र मॅन्युअलला १६० आणि सीव्हीटीला १५२. पंथाने खुशाल पेढे वाटावेत. पण पट्टा आणि पुल्यांवर चालणाऱ्या सीव्हीटीलाही जपूनच वागवावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. २०१४ च्या सेलेरिओतल्या एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र. म्हणून आकडेही जसेच्या तसे. तेव्हा सगळं पाप पायाच्या माथी मारणंही बरं नव्हे.

गिअर आपल्या मर्जीने टाकण्याची मजा खरी आहे आणि गाडी स्वस्तही पडते. त्यासाठी कुणी मॅन्युअल घेतली तर भांडण नाही. फक्त चढावर ऑटोमॅटिकवाल्याला ‘हिच्यात काही दम नाही’ म्हणताना, आपण ते त्याच्या मागून म्हणतोय एवढं ध्यानात असू द्यावं.