पंचवीस मीटर, अडीच स्क्वेअर

इंग्लंडात १९०१ साली काही सायकलवाल्यांनी मिळून तंबूत राहणाऱ्यांची एक संस्था काढली. सायकलवर मावेल तेवढाच तंबू, तेवढंच भांडं, तेवढंच अंथरूण, अशी त्यांची राहणी होती. आज त्याच देशात माणसं फ्रिज, हीटर, टोस्टर, टीव्ही आणि कुत्र्याची गादी बरोबर घेऊन निसर्गाच्या सान्निध्यात जातात. सान्निध्याला अट एकच: विजेचा खांब पंचवीस मीटरच्या आत हवा.

लीड्सला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यानं एक जुनी कँपरव्हॅन घेतली आणि आम्हाला साताऱ्याहून बोलावून घेतलं. आम्हाला म्हणजे मी, बायको आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते वीजमंडळात लाइनमन म्हणून चिकटले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. निवृत्ती फक्त पगारातून. एरवी लग्नाच्या मांडवातही ते आधी मीटरपेटी शोधतात, मग नवरी.

व्हॅनच्या आधीच्या मालकानं पडदे, मग आणि नकाशांचा गठ्ठा मागे ठेवला होता. खांबावरून वीज घ्यायची केबल तेवढी नेली होती.

"दाजी, केबल काय, जाता जाता उचलू कुठंतरी," मेव्हणा म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. घरात कुणी विजेबद्दल सैल बोललं की ते एवढंच करतात. पुढचं आपण समजून घ्यायचं.

कँपिंगच्या सामानाचं दुकान म्हणजे गोडाऊनच होतं. घडीचं टेबल, घडीची बादली, घडीचं बेसिन. एका भिंतीवर केबलींची वेटोळी टांगलेली: केशरी, निळी, काळी, दहा मीटर, पंधरा मीटर, पंचवीस मीटर. मेव्हण्यानं रंग पाहिला, बायकोनं किंमत पाहिली, मी उचलून वजन पाहिलं. अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले.

"स्क्वेअर किती?"

काउंटरवरच्या पोरानं लगबगीनं एक स्वस्तातली वायर पुढे केली. दीड स्क्वेअर एमएम. वजनाला हलकी, गुंडाळायला सोपी.

"दीडवर दिवे चालतात, संसार नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिशातला बसच्या तिकिटाचा चिठोरा काढला. हिशेब असा: या खांबांवरचं निळं सॉकेट सोळा अँपिअरचं. व्होल्टेज तिकडंही आपल्यासारखंच, २३०. म्हणजे जास्तीत जास्त ३,६८० वॅट. एवढा लोड पंचवीस मीटरवर ओढला, तर अडीच स्क्वेअरच्या वायरीत सहा-सात व्होल्ट कमी होतात; दीडमध्ये दहा-अकरा. "दहा व्होल्ट वाटेतच सांडणार. बिल मात्र पुऱ्याचं."

"मग अडीचची दहा मीटर घेऊ," मेव्हण्यानं तडजोड सुचवली.

"आणि खांब बारा मीटरवर निघाला तर? दोन मीटर तू हात धरून उभा राहणार?"

यावर उत्तर नव्हतं. तिथली नेहमीची लांबीही पंचवीसच असते. कँपसाइटवाले खांब त्याच हिशेबानं रोवतात. लांबी ठरली, जाडी ठरली. आता अण्णांनी ब्लेड मागितलं. पोरगा दचकला. मेव्हण्यानं त्याला समजावलं, की वडिलांना वायर आतून पाहायची आहे. स्वस्त केबलींत कधीकधी वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम निघतं, त्यांचा रोध जास्त आणि जीव कमी. "असे ठेकेदार आयुष्यभर बघितलेत," अण्णा म्हणाले. ब्लेड मिळालं नाही, पण पोरानं वेष्टणावरचा 'शुद्ध तांबे' हा शेरा दाखवला. अण्णांनी तो दोनदा वाचून घेतला आणि मग केबल हातात तोलून पाहिली. चार-पाच किलो भरली असावी. वजनावर त्यांचा शेऱ्यापेक्षा जास्त विश्वास बसला.

रंग केशरी घेतला. त्यात कसलीही भावना नव्हती. हिरव्या गवतात पडलेली वायर गवत कापणाऱ्याला दिसावी, एवढाच हेतू. बाहेरचं आवरणही थंडीत ताठ न होणारं. दोन्ही टोकांना निळे, झाकणवाले, तीन जाड पिनांचे जोड. "याला म्हणतात टॉप," अण्णा म्हणाले. इंग्लंडमध्ये आल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

मग लेक डिस्ट्रिक्टकडे निघालो: स्किप्टन, कर्बी लॉन्सडेल, विंडरमिअर, अँबलसाइड अशी वाट. ग्रासमिअरला वर्डस्वर्थचं घर आहे. मेव्हण्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, गाडी हळू करायला लावली. डाव्या बाजूला आम्ही कवी शोधत होतो, उजव्या बाजूला अण्णा खांब मोजत होते. "लाकडी! अजून लाकडी पोल वापरतात हे लोक!" त्या टेकड्या, ती तळी, ती मेंढरं यांतलं अण्णांना काय आवडलं, असं विचारलं, तर "तारांचा ताण चांगला ठेवलाय" असं उत्तर आलं.

केझिकला डरवेंटवॉटरच्या काठी मुक्काम. पाऊस आमच्या आधी पोचला होता. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजोबांनी अभिमानानं सांगितलं, की इथून जवळच सीथवेट नावाची वाडी आहे, इंग्लंडातली सगळ्यात ओली वस्ती, वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस. अण्णांनी मेव्हण्याकरवी निरोप पाठवला: महाबळेश्वरला पाच मीटरच्या वर पडतो आणि त्यात आम्ही पोलवर चढायचो. आजोबांनी टोपी काढली.

एवढ्यात मेव्हण्यानं केबलचं एक टोक खांबात खुपसलं आणि दुसरं हातात घेऊन पावसातून व्हॅनकडे निघाला.

"थांब!" अण्णांचा आवाज तळ्यापार गेला असावा. "आधी गाडी, मग खांब! सोडताना आधी खांब, मग गाडी! जिवंत टोक हातात घेऊन हिंडायला ही काय पालखी आहे?"

मेव्हण्यानं मुकाट्यानं क्रम बदलला. खांब सहा मीटरवरच होता, म्हणून उरलेलं वेटोळं त्यानं नीट बांधून चाकाशी ठेवलं. अण्णांनी तेही सोडायला लावलं. पूर्ण लोडवर त्या पंचवीस मीटरमध्ये शंभरेक वॅट नुसती उष्णता होते. वायर पसरलेली असली तर ती हवेत विरते. वेटोळ्यात ती कोंडते आणि आवरण वितळतं. "गोधडीखाली शंभरचा बल्ब ठेवून झोपशील का?" शेवटी आमच्या व्हॅनखाली केशरी नागमोडी पसरली. शेजारचे आजोबा येऊन तिच्या कडेकडेनं चालले, अण्णाही चालले. दोघांनी माना डोलावल्या. भाषेची गरज पडली नाही.

खांबावर मात्र एक बारीक आकडा होता: १०. तो अण्णांनीच वाचला, पण तोवर चहाची वेळ झाली होती. वहिनींनी २,००० वॅटच्या इंडक्शनवर पिठलं टाकलं, बायकोनं ३,००० वॅटची घरची किटली लावली. दोन्ही मिळून बावीसेक अँपिअर. एमसीबी थोडा जादा लोड बराच वेळ पोटात घालते. दुपटीला ती फार थांबत नाही. पिठल्याला पहिली उकळी यायच्या आत अंधार झाला.

"सोळाची केबल, दहाचा खांब," अंधारातून अण्णांचा प्रसन्न आवाज आला.

खांबाच्या पेटीला कुलूप होतं. रेनकोटातले वॉर्डन किल्ली घेऊन आले आणि त्यांनी अदबीनं विचारलं, "एवढं काय चालवत होता?"

"काही नाही, जरा चहा," मेव्हणा म्हणाला.

त्या रात्री लेक डिस्ट्रिक्टमध्ये अण्णांनी भारनियमन लागू केलं. वेळापत्रक व्हॅनच्या दारावर चिकटवलं: आधी किटली, मग इंडक्शन, हीटर दोन्ही बंद असतानाच. हेअर ड्रायर पुढील आदेशापर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी केझिकच्या बाजारातून एक छोटी, हजार वॅटच्या आतली किटली आणली. पाणी उकळायला ती वेळ घेते, पण तेवढ्यात पाऊस बघून होतो.

मेव्हण्याच्या डोक्यात आता फ्रान्स आहे. तिकडं कित्येक कँपसाइटवर सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे १,३८० वॅट. कुठं टॉप वेगळा म्हणून ॲडॅप्टर लागतो, तर कुठं फेज-न्यूट्रल उलटे असतात म्हणून टेस्टर जवळ ठेवावा लागतो. हे ऐकून अण्णा म्हणाले, "सहा अँपिअर? भाकरी-चटणी बांधून न्या."

तेव्हा कँपरव्हॅन घेणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं: केबल पंचवीस मीटर, अडीच स्क्वेअर, अस्सल तांब्याची घ्या, पूर्ण उलगडून वापरा आणि आधी गाडीला जोडा. पण सोळाची केबल दहाच्या खांबातून सोळा अँपिअर काढू शकत नाही. म्हणून खांबावरचा आकडा आधी वाचा, आणि स्वयंपाक त्या आकड्यात बसवा.