नानांची पाऊण गाडी

एडिसनमध्ये सगळे म्हणतात, नानांना गाड्यांचं वेड आहे. साफ चूक. नानांना वेड आहे चौकशीचं. गाडी ही त्या चौकशीची पोचपावती, एवढंच. ओक ट्री रोडवर पाउंडभर भेंडी घेताना हा माणूस विचारतो, की माल कुठून आला, कधी आला, वाटेत बर्फ लागला होता का. त्याच माणसाने जवळपास अकरा हजार किलोमीटरवरची, डोळ्यांनी न पाहिलेली गाडी विकत घेतली, याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. भेंडीची चौकशी पाच मिनिटांत संपते, परदेशातल्या जुन्या गाडीची वर्षानुवर्षं पुरते.

नाना मूळचे सांगलीचे. नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत आले, संगणकाच्या नोकरीत मुरले, मराठी मंडळाचे खजिनदार झाले. निवृत्तीची चाहूल लागली तशी त्यांनी घोषणा केली: एक गाडी आणायची. लहान, जुनी, दुर्मिळ आणि बाहेरची. मोठी का नाही, असं विचारलं तर म्हणाले, ‘मोठी काय रे, पैसे टाकले की मिळते. त्यात शोधायचं काय?’

पहिली उमेदवार फियाट 500. दान्ते जाकोझा या इंजिनिअरने 1957 साली काढलेली, 479 सीसीची, इटलीतल्या बोळांतून सुळकन निघून जाणारी. तिच्यावर नानांचा एक अख्खा हिवाळा गेला. मग ‘लाखांनी निघाल्यात, दुर्मिळ कसली?’ म्हणून फाईल बंद. दुसरी निस्सानची फिगारो. 1991 मधली, जेमतेम 20 हजार काढल्या, आणि गिऱ्हाइकं एवढी जमली की जपानात सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या. रंग चार, चार ऋतूंचे. नानांनी चारही रंगांची चित्रं छापून भिंतीला लावली, महिनाभर त्यांच्यासमोर चहा प्यायले आणि ‘यात पावसाळा नाही’ या मुद्द्यावर तिला नकार कळवला.

जपानी छोटा ट्रक स्वस्तात पडला असता. पण तेव्हा मोटारीला जकात अडीच टक्के होती आणि ट्रकला 25. का? तर कोंबड्यांमुळे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकी कोंबडीवर जकात वाढवली. तिचा वचपा म्हणून अमेरिकेने 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकांवर 25 टक्के बसवले. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं, ट्रकवरची जकात तशीच राहिली. कुणाच्याही घरी चिकनचा रस्सा पुढे आला की नाना ही कथा पहिल्यापासून सांगतात. आम्हा सगळ्यांकडे नाना जेवायला असले की हल्ली पनीर असतं.

अखेर पसंत पडली ती ऑटोझॅम एझेड-वन. माझदाने 1992 साली बाजारात आणलेली, दोघांपुरती. लांबी 3.3 मीटरच्या आत, उंची 1.15 मीटर, वजन 720 किलो, आणि दारं पाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. ती आली तोवर जपानातला पैशाचा फुगा फुटला होता. असल्या चैनीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि साडेचार हजारसुद्धा निघाल्या नाहीत.

‘बघ,’ नाना मला म्हणाले, ‘तेव्हा कुणी घेतली नाही, म्हणून आज दुर्मिळ. म्हणजे आपण घेतलीच पाहिजे.’

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, ‘मीही तुम्हाला याच हिशेबाने पसंत केलं होतं.’

अमेरिकेचा कायदा असा, की इथल्या सुरक्षेच्या नियमांत न बसणारी गाडी 25 वर्षांची झाल्याशिवाय आणता येत नाही. माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, गाडी पंचविसाव्या. वय मोजायचं तेही नुसत्या सालावरून नाही, बनवल्याचा महिना पाहून. नानांच्या कालनिर्णयावर संकष्टीच्या शेजारी 1993 च्या गाड्या कधी सज्ञान होतात याच्या खुणा असत. घाई करणाऱ्याचं काय होतं, तेही त्यांच्याकडे तयार होतं: वय चोरून आणलेली एक मिनी कस्टम्सने यंत्राखाली चिरडली, तिचा व्हिडिओ. दिवाळीच्या फराळाला बोलावून नाना तो पाहुण्यांना दाखवत. पडद्यावर मिनीचा चुरा होत असे आणि समोर बसलेल्यांच्या तोंडात चकलीचा.

मग सुरू झालं लिलावाचं पर्व. जपानात मोटारीला ‘शाकेन’ नावाची तपासणी असते. दर दोन वर्षांनी ती करून घ्यायची, आणि खर्च असा की वैतागून मालक जुनी गाडी विकून मोकळे होतात. त्या गाड्या लिलावात येतात. तिथे परक्याला शिरकाव नाही, दलाल लागतो. प्रत्येक गाडीचा एक कागद असतो. वर गुण, खाली चहूबाजूंनी उलगडलेलं गाडीचं चित्र आणि त्यावर मुंग्यांएवढ्या खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून सरळ केल्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज. पुढे आकडा. आकडा जेवढा मोठा, तेवढं दुखणं मोठं. गुणांच्या जागी आर असेल तर अपघातातून उठलेली. नाना भिंग घेऊन त्यावर ओणवे होत. त्यांना जपानीत नमस्कार म्हणता येत नाही, पण ‘गंज’ वाचता येतो.

या विद्येचा संसर्ग पुढे माणसांना झाला. मंडळाचे नवे अध्यक्ष निवडून आले तेव्हा नाना कानात कुजबुजले, ‘साडेतीन. लांबून चार वाटतात, पण डब्ल्यू आहे. कुठेतरी ठोकून सरळ केलेत.’ ओळखीतल्या एका मुलीला स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलगा बघून नानांनी निकाल दिला, ‘ए-वन.’ मुलीची आई हरखून गेली. लिलावाच्या कागदावर ए-वन म्हणजे बारीक ओरखडा, हे त्या माउलीला कोण सांगणार?

लिलाव तिकडे दिवसा, म्हणजे इकडे रात्री. नाना शाल पांघरून संगणकासमोर बसत. बोली कितीदा तरी हुकली. दर वेळी वहिनी हळहळत आणि नाना टवटवीत दिसत, कारण चौकशी पुन्हा पहिल्यापासून करता येणार असे. एका पहाटे मात्र बोली लागली. लाल रंगाची, चार गुणांची. त्या दिवशी नाना जरा उदासच होते.

पण लवकरच कळलं, की अजून पुष्कळ बाकी आहे. परिवहन खात्याचा एचएस-7 नावाचा अर्ज, पर्यावरण खात्याचा 3520-1, जपानी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, त्याचा तर्जुमा. नानांना पुन्हा तरतरी आली. कस्टम्सच्या एजंटाला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की तोच पुढे अडलं तर नानांना फोन करू लागला. जहाज पनामा कालव्यात शिरलं ते नानांनी नकाशावर पाहिलं आणि शेजाऱ्यांना दारावर टकटक करून कळवलं.

गाडी न्यूअर्कला उतरली, घरी आली, आणि एक बाब चौकशीतून निसटल्याचं उघड झालं. नाना सहा फुटांचे, वजनाने शंभरीला टेकलेले. एझेड-वनमध्ये बसण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. आधी दार वर. मग गाडीकडे पाठ करून रुंद उंबऱ्यावर टेकायचं. डावा पाय उचलून स्टिअरिंगखाली सारायचा, बूड घसरवायचं, मान मोडून डोकं आत घ्यायचं, आणि बाहेर राहिलेला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ओढायचा, कारण तोवर तो आपला राहिलेला नसतो. दार खाली घेण्याआधी वहिनी वाकून विचारतात, ‘सगळे आलात का आत?’

गणपतीत मंडळाच्या पार्किंगमध्ये नानांनी गाडीचं प्रदर्शन मांडलं. पंख उघडले. मुलं किंचाळली, बायकांनी सेल्फी घेतले. मग नानांनी किल्ली फिरवली. सीटच्या मागे दडलेलं इंजिन जागं झालं: 657 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, 64 अश्वशक्ती. नाशिककडचे एक आजोबा डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, ‘अरे, ही तर आमची एटहंड्रेड!’

नानांचा चेहरा पडला. पण जातिवंत चौकशी करणारा खोटं बोलू शकत नाही. गाडी माझदाची असली तरी इंजिन सुझुकीचं, मारुती 800 च्या इंजिनाच्या घराण्यातलं, हे त्यांना कबूल करावं लागलं. झालं. कुणाला खंबाटकीत तापलेली मारुती आठवली, कुणाला तिचा हप्ता, कुणाला मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेल्या आत्या. पंखांकडे कुणी बघेना. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा,’ कुणीतरी पुटपुटलं.

नानांनी ते ऐकलं. ‘अहो, कळसा कुणाला हवा होता?’ ते म्हणाले. ‘वळशातच तर मजा आहे.’

न्यू जर्सीत जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, तिच्यावर क्यूक्यू ही अक्षरं. अट अशी, की ती प्रदर्शनापुरती आणि शैक्षणिक कामापुरतीच वापरायची. नाना कायद्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणून गाडी घेऊन कोथिंबीर आणायला निघाले, की वाटेत भेटेल त्याला काही ना काही शिकवतात.

मागच्या उन्हाळ्यात एकदा मी शेजारी बसून गेलो. इथे पेट्रोल आपल्या हाताने भरायला कायद्याने बंदी, पंपावरचा माणूसच भरतो. एरवी अमेरिकन लोक गाडीचे फोटो काढतात, ‘सो क्यूट’ म्हणतात आणि निघून जातात. नाना हसतात, पण उपाशी राहतात. त्या दिवशी पंपावर पंजाबी गृहस्थ होते. त्यांनी नळी लावली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायर बुटाने दाबून पाहिला आणि खिडकीच्या फटीशी तोंड आणून विचारलं, ‘अंकल, कितना देती है?’

नाना फुलले. त्यांनी सीटमागून वही काढली. हायवेवर किती, गावात किती, एसी लावून किती, वहिनी बरोबर असताना किती, नसताना किती. गृहस्थांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला, ‘पार्ट मिलते हैं?’ मागच्या गाडीने हॉर्न दिला. दोघांपैकी कुणालाच तो ऐकू आला नाही.

‘तू जरा उतर रे,’ नाना मला म्हणाले. ‘माणूस साडेचार आहे. याला आत बसवून दाखवू.’

मला बाहेर निघायला वेळ लागला. तोवर रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि ते दोघे कोंबड्यांपर्यंत पोचले होते.